संगणकातला सालगडी

गेल्या श्रावणातली गोष्ट. दवाखाना बंद करून घरी आलो, हातपाय धुऊन ताटावर बसलो, तोच एका जुन्या पेशंटच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आज दादांचा दहावा होता. तो उरकून घरी आलो आणि दादांच्या मोबाइलवर तुमच्या दवाखान्याचा मेसेज आलेला दिसला. साखर तपासायची तारीख उलटून गेली, लवकर दाखवून जा, असा आहे." मला काय बोलावे ते सुचेना. मुलगा रागावलेला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "तुम्हाला तर माहीत होतं ना साहेब? तुम्ही भेटायला पण येऊन गेलात."

माहीत होते. मला माहीत होते, माझ्या कंपाउंडरला माहीत होते, दवाखान्यासमोरच्या चहावाल्यालासुद्धा माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त माझ्या टेबलावरच्या संगणकाला, कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी मुलाची माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने दिलीही. पण ताटावरून मी तसाच उठलो. वीस वर्षे ज्या माणसाची नाडी पाहिली, त्याला दहाव्याच्या दिवशी माझ्या नावाने बोलावणे गेले होते आणि ते मी पाठवलेले नव्हते.

मग ते पाठवले कोणी? आजचा लेख त्याबद्दल आहे. आरोग्याच्या सदरात हा संगणकाचा विषय कुठून आला, असे काही वाचकांना वाटेल. पण तुमची साखर, तुमचा रक्तदाब, तुमच्या सुनेचे बाळंतपण, नातवाचे लसीकरण, सगळे आता कुठल्या ना कुठल्या संगणकात लिहिलेले असते. ते लिहिणारा आणि वाचून पुढचे काम करणारा हात दर वेळी माणसाचाच असतो असे राहिलेले नाही. म्हणून हा विषय तब्येतीचाच आहे.

माझ्या दवाखान्यात पंचवीस वर्षे केसपेपर लोखंडी कपाटात असायचे. पावसाळ्यात त्यांना वास यायचा, एका वर्षी उंदरांनी एक कप्पा कुरतडून टाकला. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाच्या आग्रहाने मी संगणकाचा प्रोग्राम बसवून घेतला. पेशंटचे नाव, वय, गाव, आजार, गोळ्या, पुन्हा कधी यायचे ती तारीख, हे सगळे एका मोठ्या खतावणीत जाऊन बसते. या खतावणीला डेटाबेस म्हणतात. ती नुसती पडून राहणारी वही नाही. तिच्यावर कामाला एक गडी नेमता येतो. माझा गडी रोज सकाळी सात वाजता, मी झोपेतून उठण्याआधी, सगळी वही चाळतो. ज्याची तारीख उलटली त्याचे नाव काढतो, त्याचा मोबाइल नंबर शोधतो आणि दवाखान्याच्या नावाने निरोप धाडतो. त्याला रोज सांगावे लागत नाही. संगणकवाले याला एजंट म्हणतात. आपल्याकडे एजंट म्हटले की विम्याचा किंवा आरटीओचा डोळ्यासमोर येतो. पण मला त्याचे काम सालगड्यासारखे वाटते. गुढीपाडव्याला एकदा ठरवून दिले की वर्षभर तो आपला राबतो. फरक एवढाच की आपला सालगडी मालकाच्या घरी सुतक पडले तर दारात येऊन थांबतो आणि विचारतो. हा विचारत नाही.

हा गडी वहीवर चार प्रकारची कामे करू शकतो. वाचणे, नवे लिहिणे, लिहिलेले बदलणे आणि खोडणे. कोणताही डेटाबेस घ्या, बँकेचा असो, रेशनचा असो की दवाखान्याचा, या चारच्या पलीकडे पाचवे काम नाही. माझे मत सांगायचे तर पहिले काम त्याला खुशाल करू द्यावे. लिहिणे, बदलणे आणि खोडणे या तिन्ही कामांच्या वेळी मात्र जबाबदार माणसाने शेजारी उभे राहावे, आणि ज्याच्याबद्दल लिहिले जाते त्याला विचारावे. वाचण्याच्या कामातही जिथे निरोप थेट माणसाच्या घरात जातो, तिथे आधी यादीवरून नजर फिरवावी. हे मत पुस्तकातून आलेले नाही. दोन वेळा तोंड पोळल्यावर आलेले आहे. दुसरी वेळ पुढे सांगतो.

आधी या गड्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याने कामही केले आहे. रक्तदाबाचा पेशंट बरे वाटले की गोळी सोडतो, हा माझा जन्मभराचा अनुभव. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो गेला असेच माणसाला वाटते. निरोप जाऊ लागल्यापासून आमठाण्याचे, शिवन्याचे, अजिंठ्याचे काही जुने पेशंट महिनोन्‌महिन्यांनी परत आले. मिरचीच्या तोड्यात विसरलो होतो, मेसेज आला म्हणून आलो, असे सांगतात. एकाचा वरचा आकडा दोनशेच्या घरात होता. त्याला तो निरोप गेला नसता तर त्याची पुढची भेट कदाचित अर्धांगवायूनंतर झाली असती.

सरकारी कामातही असे गडी आहेत. केंद्र सरकारची 'किलकारी' नावाची सेवा जानेवारी २०१६ मध्ये देशात सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. गरोदर बाईचे नाव माता-बाल नोंदीच्या पोर्टलवर चढले की चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला तिला एक फोन येतो. एकूण ७२ निरोप. कितवा आठवडा चालू आहे याचा हिशेब मशीनच करते. ज्या वस्तीवर नर्सताई महिन्यातून एकदा पोहोचते, तिथे दर आठवड्याला कोणीतरी लोहाच्या गोळ्यांची आठवण करून देते, ही लहान गोष्ट नाही. पण वाचकहो, सगळा हिशेब शेवटच्या पाळीच्या तारखेवर आणि त्यानंतरच्या नोंदीवर चालतो. गर्भपात झाला, मूल दगावले, तर ते पोर्टलवर चढल्यावर फोन थांबायचे. चढलेच नाही तर मशीनला कुठून कळणार? ज्या घरात पाळणा हललाच नाही, त्या घरात बाळाच्या लसीची आठवण करणारा फोन वाजला तर त्या बाईच्या जिवाचे काय होत असेल, याचा विचार करून पाहा. दहाव्याच्या दिवसाचा निरोप मी आयुष्यभर विसरणार नाही, तो तर वयोवृद्ध माणसाच्या घरी गेला होता.

आणि नर्सताईंनी तरी काय काय करावे? क्षयाची नोंद वेगळीकडे, साथींची वेगळीकडे, गरोदर मातांची वेगळीकडे, रक्तदाब-मधुमेहाची आणखी वेगळीकडे. आमच्या भागातल्या नर्सताई आणि आशाताई दिवसभर वस्त्या पालथ्या घालतात आणि रात्री भाकरी थापून झाल्यावर मोबाइलमध्ये बोटे घालून बसतात. तीच नावे पुन्हा पुन्हा. एकदा लिहिलेले पाच ठिकाणी आपोआप चढवणारा गडी त्यांना मिळाला तर मी पहिला पेढे वाटीन. फक्त एक लक्षात ठेवावे. पहिली नोंद चुकली तर पूर्वी ती एका वहीत चुकायची, आता पाच ठिकाणी चुकेल आणि पाचही ठिकाणे एकमेकांची साक्ष देतील.

आता मोठे उदाहरण. २०२१ चा मे महिना आठवा. दुसरी लाट भरात होती. तेव्हाच्या औरंगाबादला खाट मिळेना, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक रात्ररात्र फिरत होते. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले होते. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला ते खुले झाले, पण अट अशी की कोविन पोर्टलवर नाव नोंदवून वेळ घेतल्याशिवाय केंद्रावर यायचे नाही. २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नावे घातली. लस मूठभर, घेणारे कोट्यवधी.

कोविनच्या वहीत डोकावण्यासाठी बाहेरच्या संगणकांना एक खिडकी ठेवलेली होती. कोणत्या केंद्रावर किती डोस शिल्लक आहेत ते त्या खिडकीतून दिसायचे. हेतू चांगलाच होता. चेन्नईच्या बर्टी थॉमस नावाच्या प्रोग्रामरने अशा माहितीवरून लोकांना सूचना देणारी सेवा काढली, पुष्कळांना तिचा उपयोग झाला. ही झाली वाचण्याची गोष्ट. पण काही हुशार पोरे इथे थांबली नाहीत. त्यांनी असे प्रोग्राम लिहिले की ते दर काही सेकंदांनी खिडकीत डोकावायचे आणि जागा दिसली की तत्क्षणी नाव घालून मोकळे व्हायचे. फोनवर आलेला ओटीपी स्वतःच उचलून भरायचे. माणूस आहे की मशीन हे ओळखण्यासाठी दाखवलेली वेडीवाकडी अक्षरेसुद्धा ते वाचायचे. आता गडी वहीत लिहू लागला होता.

४३१११२ हा आपल्या सिल्लोडचा पिनकोड. तो टाकून शेतातल्या टेकाडावर रेंज शोधत उभा राहिलेला भराडी-अंधारीकडचा पोरगा मला आठवतो. जागा हिरवी दिसायची, त्याने बोट लावेपर्यंत ती लाल व्हायची. त्याला वाटायचे आपला मोबाइल जुना आहे. त्याची शर्यत दुसऱ्या पोराशी नव्हतीच, एका न दमणाऱ्या, न झोपणाऱ्या गड्याशी होती. पुण्या-मुंबईच्या आसपासच्या ग्रामीण केंद्रांवर शहरातून मोटारी भरून लोक आल्याच्या बातम्या त्या दिवसांत छापून येत होत्या. आमच्या भागातल्या एका केंद्राबाहेरही मी तेच पाहिले. साठ-पासष्ट किलोमीटरवरून आलेली मंडळी मोबाइल दाखवून आत जात होती आणि गावची मंडळी लिंबाखाली उभी होती. एक म्हातारबुवा आपल्या मुलासाठी हेलपाटे घालत होते. ते म्हणाले, "गाव आमचं, दवाखाना आमचा, अन् नंबर कुणाचा?" शहरातल्या त्या तरुणांना मी दोष देत नाही. तेही भ्यालेले होते, त्यांच्याही घरी माणसे गेली होती. आणि लसच अपुरी होती, हे मूळ कारण होतेच. महाराष्ट्र सरकारला १२ मेपासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवून लस ४५ वर्षांवरच्या लोकांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावी लागली. पण अपुरी वस्तू वाटताना रांग कशी लावायची हाच तर प्रश्न असतो. ज्याच्याकडे गडी आहे तो पुढे, अशी रांग लागली.

त्यावर उपाय झाले. खिडकीत एका ठिकाणाहून पाच मिनिटांत शंभरापेक्षा जास्त वेळा डोकावता येणार नाही, अशी मर्यादा आली. दिसणारी माहितीही अर्ध्या तासापर्यंत जुनी असू लागली. ज्यांना संगणक येत नाही त्यांचे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात केंद्राला विचारला. मात्र माझ्या मते खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करण्याची मुभा मिळाली. म्हणजे माणसाने पायी यावे, आधारकार्ड दाखवावे आणि समोरच्या माणसाने त्याचे नाव लिहावे. पुढे २१ जूनपासून १८ वर्षांवरील सर्वांना केंद्राकडून मोफत लस मिळू लागली, पुरवठाही वाढत गेला आणि गावागावांत शिबिरे लागली. इतक्या मोठ्या पोर्टलला शेवटी एका टेबलाची आणि एका खुर्चीची जोड द्यावी लागली.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट लोक विसरले, मला मात्र ती फार मोलाची वाटते. काही जणांनी वेळ घेतली होती, पण ते केंद्रावर गेलेच नव्हते. तरी त्यांना 'तुम्हाला लस देण्यात आली' असे मेसेज आले. नोंद करताना चूक झाली, वहीत 'दिली' असे लागले आणि पुढचे सगळे आपोआप घडले. म्हणून ८ मे २०२१ पासून चार आकड्यांचा एक गुप्त क्रमांक सुरू झाला. वेळ घेतली की तो तुमच्याकडे यायचा, आणि लस देणाऱ्याला तुम्ही तो सांगितल्याशिवाय 'दिली' अशी नोंद करता यायची नाही. म्हणजे नोंदीची किल्ली ज्याच्या दंडात सुई जाणार त्याच्याच हातात. मी त्या काळात या क्रमांकाला वैतागलो होतो, कारण अर्धे लोक तो विसरून यायचे. आज वाटते, त्या पोर्टलवरची सर्वांत शहाणी गोष्ट तीच होती.

आता माझे दुसऱ्यांदा पोळलेले तोंड. माझ्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. जुन्या आजाराच्या पेशंटची मागच्या महिन्याची चिठ्ठी आपोआप पुन्हा तयार व्हायची. गर्दीच्या दिवशी, विशेषतः बाजाराच्या दिवशी, मला ती फार बरी वाटायची. ती चालू करायला मीच सांगितले होते. साठीतल्या एक आजी, मधुमेहाच्या, ग्लिमेपिराइड नावाची गोळी घेत. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पेशंट जेवो न जेवो, ती आपले काम करते. आजींची भूक दोन महिन्यांपासून कमी झाली होती. मूत्रपिंडाची तपासणी मीच करायला लावली होती, क्रिएटिनिन वाढल्याचा रिपोर्ट आलाही होता. तो वहीच्या दुसऱ्या पानावर चढला. गोळ्या पहिल्या पानावर होत्या. गड्याने दोन्ही पाने एकत्र वाचावीत असे त्याला कोणी सांगितले नव्हते. मूत्रपिंड मंदावले की या गोळीचा अंमल शरीरात रेंगाळतो. चिठ्ठी आपोआप निघाली, मुलगा गोळ्या घेऊन गेला, मी पेशंटला पाहिलेच नाही.

पहाटे चार वाजता त्यांना माझ्याकडे आणले. अंगाला दरदरून घाम, डोळे फिरवलेले, मध्येच असंबद्ध बडबड. सोबतच्या बायांचे म्हणणे, आजीला लागिर झाले, आधी अंगारा लावू. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर ३८. शिरेतून ग्लुकोज दिले आणि काही मिनिटांत आजी उठून बसल्या. म्हणाल्या, "मला इथं कशापायी आणलं?" या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना तसेच पुढे पाठवले. आजी वाचल्या. आज त्या माझ्याकडेच येतात, ती गोळी कायमची बंद आहे. पण त्या चिठ्ठीवर सही माझी छापलेली होती. आजींचे काही बरेवाईट झाले असते तर मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की ती संगणकाने दिली?

इथे वाचकांसाठी दोन ओळी, कारण मधुमेह आता घराघरांत आहे. घाम सुटणे, हात कापणे, छातीत धडधड, अचानक चिडणे किंवा भलतेच बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. घरात यंत्र असेल तर तपासा, ७० च्या खाली म्हणजे उतरली. पेशंट शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यातून द्या आणि त्यानंतर खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाते. तडक दवाखाना गाठा. आणि भूक मंदावली, उलट्या-जुलाब झाले, तर मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणेच घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. संगणकाच्या चिठ्ठीला विचारू नका.

कायद्याचे म्हणाल तर मार्च २०२० मध्ये सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत स्वच्छ लिहिले आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या व्यवस्थेने पेशंटला सल्ला देऊ नये आणि औषध लिहून देऊ नये. ती डॉक्टरला मदत करू शकते, पण शेवटची चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. ही तत्त्वे फोनवरून किंवा व्हिडिओवरून होणाऱ्या तपासणीसाठी आहेत. माझा दवाखाना समोरासमोरचा. पण जे दुरून चालत नाही ते जवळून कसे चालावे?

एवढे सगळे डोक्यात असताना गेल्या महिन्यात एक तरुण विक्रेता आला. टापटीप, बोलण्यात गोडवा. त्याच्याकडे नव्या पिढीचा एजंट होता. जुन्या गड्याला एकेक पायरी ठरवून द्यावी लागायची. याला नुसते बोलून सांगायचे, पायऱ्या तो स्वतः ठरवतो. "सर, टायपिंग करायची गरजच नाही. विम्याचे दावे, सरकारी पोर्टलच्या नोंदी, जुन्या पेशंटची साफसफाई, सगळं हाच करेल." मी म्हटले, बरे, जुन्या पेशंटची साफसफाई करून दाखव, पण पुसू नकोस, आधी नुसती यादी दे. मिनिटभरात यादी आली. वर्षभरात न आलेले पेशंट, 'निष्क्रिय' असा शेरा. मी ती कंपाउंडरपुढे ठेवली. आमचे भाऊ बारावी पास, माझ्याकडे त्यांची सत्तावीस वर्षे झाली. त्यांनी यादीवर बोट फिरवायला सुरुवात केली. हा ऊसतोडीला जातो, पाडव्यानंतर येईल. ही माहेरच्या नावाने आहे, सासरच्या नावाने गेल्याच महिन्यात येऊन गेली. हा मोबाइल तिघा भावांचा एकच, पेशंट धाकटा आहे, नोंद थोरल्याची. या पोराला फिट्स येतात, बाप सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या नेतो, सर, याला कसं काढता? विक्रेता गप्प झाला होता. तो पोरगा वाईट नव्हता, त्याने भाऊंचे बोलणे वहीत टिपून घेतले.

'पुसू नकोस' असे मी का म्हटले, तेही सांगतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतली एक बातमी मी वाचली होती. जेसन लेमकिन नावाचे उद्योजक रेप्लिट कंपनीचा असाच बोलता एजंट वापरून एक संगणकीय काम उभारत होते. काही बदल करू नकोस, असे त्यांनी एजंटला बजावलेले होते. तरी त्याने चालू डेटाबेस पुसून टाकला. बाराशेहून जास्त लोकांच्या नोंदी त्यात होत्या. वर पुन्हा, त्या परत आणता येणार नाहीत, असेही त्याने सांगितले. ते खोटे निघाले, नोंदी परत आणता आल्या. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि चालू डेटाबेस व सरावाचा डेटाबेस वेगळे ठेवण्याची सोय केली. त्या नोंदी धंद्याच्या होत्या. त्या जागी पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांची यादी असती तर? आणि परत आणता आली नसती तर?

काही डॉक्टर मित्र मला म्हणतात, तू घाबरट आहेस, माणूस काय कमी चुका करतो? बरोबर आहे. उंदरांनी कुरतडलेले केसपेपर माझेच होते. माझे अक्षर वाचता न आल्याने औषध दुकानदाराने दोनदा फोन करून विचारल्याचेही मला आठवते. पण त्याने फोन करून विचारले, हाच तर मुद्दा आहे. बाजार समितीत अडत्यावर कितीही विश्वास असला तरी काटा होताना शेतकरी आपल्या पोत्यापाशी उभा राहतो. त्यात अडत्याचा अपमान नसतो.

म्हणून दवाखाने आणि कचेऱ्या चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. आपल्या वहीवर कोणता गडी कोणते काम करतो हे कागदावर लिहून भिंतीला लावा. लिहिणे, बदलणे, खोडणे या प्रत्येक कामाखाली माणसाचे नाव असू द्या, आणि खोडलेले काही दिवस तरी परत आणता येईल असे ठेवा. ज्याचे नाव वहीत नाही किंवा चुकीचे आहे, त्याच्यासाठी एक खिडकी माणसाची असू द्या. 'संगणकात दाखवत नाही' हे उत्तर नव्हे. पेशंट समोर उभा आहे, तो तर दाखवतो ना?

आणि वाचकहो, तुम्हीही थोडे करा. मोबाइल नंबर बदलला की दवाखान्यात सांगा. रिचार्जची स्कीम बदलताना आपण नंबर सहज टाकून देतो, मग तुमच्या साखरेचा निरोप भलत्याच माणसाला जातो. नाव आधारकार्डावर एक आणि केसपेपरवर दुसरे असेल तर तेही सांगा. एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर दर वेळी तोंडाने सांगा, संगणकात असेलच असे धरू नका. जुनी चिठ्ठी, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी सोबत आणा. घरात कोणी गेले तर, दुःखाच्या दिवसांत हे सुचणार नाही हे मला कळते, पण जमेल तेव्हा कोणाकरवी तरी एक निरोप द्या.

तो विक्रेता पुन्हा येणार आहे. वाचण्याचे काम करणारा त्याचा गडी मी बहुधा घेईन, किंमत थोडी कमी केली तर. चिठ्ठी आपोआप निघण्याची सोय मी त्या पहाटेनंतर बंद केली. सकाळी सातचा निरोपही आता थेट जात नाही. यादी छापून येते. भाऊ झाडलोट करून, उदबत्ती लावून, चष्मा चढवून ती वाचतात आणि पाठवण्याचे बटण त्यानंतर दाबतात. परवाच्या यादीत एकोणीस नावे होती. दोन त्यांनी खोडली. एक आजोबा मुलीकडे जळगावला राहायला गेले आहेत. दुसऱ्या बाईंच्या घरी त्या दिवशी लग्न होते. भाऊ म्हणाले, "सर, यांना सोमवारी पाठवू. आज मांडवात कोण मेसेज बघणार?"